मंत्र्यांचा तोंडी आदेश आयएएस अधिकाऱ्याने पाळायलाच हवा का?
नाही, डोळे झाकून तर मुळीच नाही. त्याची निष्ठा राज्यघटनेशी असते, खुर्चीवरच्या माणसाशी नाही. अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम, 1968 मधला नियम 3 सांगतो की वरिष्ठांचा आदेश शक्यतो लेखी असावा; तोंडी मिळाला तर अधिकाऱ्याने लवकरात लवकर लेखी दुजोरा मागावा आणि तो देणं वरिष्ठांचं कर्तव्य आहे. माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमण्यन यांच्या याचिकेवर 31 ऑक्टोबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं, राजकीय पदाधिकाऱ्यांच्या तोंडी सूचनांसकट. प्रत्यक्षात नस्तीवर (म्हणजे फाइलवर) एकच ओळ लागते: ‘मा. मंत्री महोदयांनी दूरध्वनीवरून दिलेल्या निर्देशानुसार प्रस्ताव पुष्टीसाठी सादर.’ ही ओळ पडली की बरेच आग्रह आपोआप थंडावतात!

मात्र लेखी आदेश कायदेशीर असेल तर मत पटो न पटो, अंमलबजावणी करावीच लागते; आपला विरोध टिप्पणीत नोंदवता येतो, इतकंच. आणि बदलीची टांगती तलवार राहतेच. महाराष्ट्राच्या 2005 च्या बदल्यांच्या कायद्यात एका पदावर साधारण तीन वर्षं म्हटलंय खरं, पण ‘विशेष कारणं’ लेखी नोंदवून त्याआधीही उचलता येतं.