सई की साय?

प्रिय सई,

काल गाडीत तू विचारलंस, "आई, माझ्या नावाचा अर्थ काय? आणि टीचर मला 'साय' का म्हणतात?" तेवढ्यात शाळा आली. आज माझी रात्रपाळी, म्हणून हे पत्र डब्याखाली ठेवून जातेय. वाचायचा कंटाळा आला तर बाबाकडून वाचून घे.

सई म्हणजे सखी, मैत्रीण. साईबाबांशी त्याचा काही संबंध नाही. जन्मदाखल्यावर आम्ही एस-ए-आय लिहिलं, तिथेच घोळ झाला. आणखी एक ई घातला असता तर तुझा त्रास वाचला असता.

सखीची सई कशी झाली, ते मला फार आवडतं. ख, ध असे जड आवाज बोलता बोलता झिजून त्यांचा 'ह' झाला. दधिचं दही झालं, गोधूमचा गहू, बधिरचा बहिरा. तशीच सखीची 'सही' झाली, आणि पुढे तो ह पण गळला. ती मधली 'सही' गाथासप्तशतीत भेटते. मराठीची आजी म्हणजे महाराष्ट्री प्राकृत, तिच्यातला हा संग्रह सातवाहन राजा हाल याच्या नावावर आहे. त्यातल्या बायका मनातलं सांगताना मैत्रिणीला हाक मारतात, 'सहि'. माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची, त्यात 'सये' यायचं. हाक तीच!

शिवाजी महाराजांची पहिली राणी सईबाई, फलटणच्या निंबाळकरांची लेक. १६५९ च्या सप्टेंबरात त्या राजगडावर वारल्या, तेव्हा संभाजीराजे जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते. आणि दोनच महिन्यांनी महाराज प्रतापगडाखाली अफझलखानासमोर उभे होते. शाळेत मी अफझलखानाचा धडा तोंडपाठ केला होता, पण त्या घरात नुकतीच आई गेली होती हे माझ्या डोक्यात शिरलं ते तू झाल्यावर.

आणि ऐक, तुझ्याआधी एक सई इथे ऑस्ट्रेलियात राहून गेलीय. 'स्पर्श' आणि 'चश्मेबद्दूर' हे सिनेमे करणाऱ्या सई परांजपे. त्यांचे आजोबा रँग्लर परांजपे १९४४ ते १९४७ इथे भारताचे हायकमिशनर होते, तेव्हा त्या कॅनबेरात होत्या. जन्म १९३८ चा, म्हणजे साधारण तुझ्याच वयाच्या. त्यांच्या टीचर त्यांना काय म्हणत असतील?

माझ्या वर्गात तीन वैशाली आणि दोन मनीषा होत्या, सई एकही नव्हती. आता तुमच्या रविवारच्या मराठी वर्गातच तीन आहेत. सई ताम्हणकरमुळे म्हण, नाहीतर दोन अक्षरी नावांची हौस म्हण. तुझं नाव ठेवताना आम्हाला वाटलं होतं, आपण काहीतरी वेगळं शोधलंय!

आता टीचरचं. त्यांना सांग, आधी 'स', मग जरा लांब 'ई'. दोन-तीनदा सांगावं लागेल. नाहीच जमलं तर रुसू नकोस. साय म्हणजे तापवलेल्या दुधावर येते ती, आणि आपल्याकडे नातवंडांना दुधावरची साय म्हणतात. शाळेत तुला साय म्हणतात हे मी काल फोनवर आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग त्यात काय चुकलं गं त्या बाईंचं?"

डबा संपव.

तुझी,
आई