ई-कचऱ्यातलं सोनं: सुरुवात मदरबोर्डपासून नको

अधिशोषकाने, म्हणजे द्रावणातला धातू आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवणाऱ्या पदार्थाने, सोनं काढायचं ठरवलंत, फार छान. पण पहिल्याच दिवशी मदरबोर्ड ॲसिडात टाकू नका. त्या द्रावणात तांबं सोन्याच्या कितीतरी पट असतं, शिवाय लोखंड, निकेल, कथील. निकाल बिघडला तर दोष कशाचा, हेच कळत नाही. आधी सोन्याचं तयार प्रमाण द्रावण (ज्यात सोनं किती हे नेमकं माहीत असतं) घ्या आणि अधिशोषक म्हणून साधा सक्रिय कोळसा. ते जमलं की त्यात मुद्दाम तांबं मिसळा. खरी परीक्षा तिथून सुरू होते.

सुरुवातीच्या चुका बहुतेक याच:

- सोनं किती टक्के पकडलं एवढंच बघणं. सोबत तांबं किती चिकटलं तेही मोजा, नाहीतर आकड्याला अर्थ नाही.
- धातू विरघळवताना वापरलेलं नायट्रिक ॲसिड द्रावणात शिल्लक ठेवणं. त्याने अधिशोषक खराब होतो.
- कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनणारा अधिशोषक) तसंच वापरणं. सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडात ते विरघळून चिकट होतं. क्रॉसलिंक केलेलंच, म्हणजे रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडलेलंच, घ्या.

गाळलेल्या द्रावणाच्या थेंबावर स्टॅनस क्लोराइडचा थेंब टाका. जांभळट रंग आला तर सोनं अजून द्रावणातच आहे.

आणि हे कळकळीने सांगतो: ॲसिडचं काम प्रयोगशाळेतल्या फ्यूम हूडमध्येच (धूर बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात), जाणकार सोबत असताना. घरी कधीच नाही. नायट्रिकचा तपकिरी धूर फुप्फुसांना काही तासांनीही गाठतो.

थायोयुरिया या रसायनाने अधिशोषकावरचं सोनं सोडवणं, अधिशोषक पुन्हा वापरणं, हे सगळं नंतर. आधी तांब्याचे आकडे हाती येऊ द्या, मग पुढचं बोलू.