वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीची राखण

प्रश्न : माझ्या वडिलांनी घेतलेली १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट आजही चालू स्थितीत असून ती आमच्या सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी असते. गेल्या महिन्यात तिच्या दोन चाकांचे कप कोणीतरी काढून नेले. गाडीला स्टिअरिंग लॉक नाही आणि दरवाजांची कुलपेही सैल झाली आहेत. तिचे मूळ रूप न बिघडवता तिला चोरीपासून कसे जपावे? जीपीएस बसवला तर तेवढे पुरेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : चाकांचे कप गेले ही बाब आपण किरकोळ मानू नये. या गाडीकडे रात्री कोणाचे लक्ष नसते, एवढे त्या माणसाला कळून चुकले आहे. डिलाइटची पुढची आवृत्ती म्हणजे प्रीमियर पद्मिनी; मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ नंतर रस्त्यावरून गेली, आणि टॅक्सीच्या जोरावर चालणारी सुट्या भागांची उलाढालही तिच्याबरोबर ओसरत चालली आहे. त्यामुळे ग्रिल, मोनो (गाडीवरची नावाची धातूची अक्षरे-चिन्हे), दिव्यांच्या रिंगा, आरसे अशा भागांना आता पूर्वीपेक्षा अधिक गिऱ्हाईक आहे, आणि अख्खी गाडी उचलून तिचे भाग वेगळे करणाऱ्यालाही तेच आमिष आहे.

दरवाजाच्या कुलपावर फार भिस्त ठेवता येणार नाही. पुढच्या दारातली तिकोनी काच सरकवून आत हात घालणे सोपे असते, म्हणून त्या काचेची खिट्टी घट्ट बसते की नाही, हे आधी पाहून घ्यावे. मात्र चोर आत शिरला तरी गाडी जागची हलू नये, यावर आपला मुख्य भर असला पाहिजे.

गाडी दोन प्रकारे जाते : चालू करून किंवा टोचन लावून. चालू होऊ नये यासाठी सर्वांत जुना, बिनखर्चाचा आणि माझ्या मते अजूनही सर्वांत चांगला उपाय म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधला रोटर काढून घरी नेणे. झाकणाच्या दोन क्लिपा बाजूला केल्या की झाकण वर उचलले जाते आणि आतला बोटाएवढा रोटर सरळ वर ओढला की हातात येतो. झाकण पुन्हा बसवले की वरून काहीही कळत नाही. रोटरशिवाय प्लगपर्यंत करंट पोहोचत नाही, त्यामुळे स्टार्टर कितीही फिरवला तरी इंजिन पेटत नाही. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तेव्हा हे अवश्य करावे. रोज वापर असेल तर जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून एक छुपा स्विच बसवून घ्यावा, पण तो चावीकडून कॉइलकडे, म्हणजे ठिणगीचा करंट तयार करणाऱ्या भागाकडे, येणाऱ्या वायरवर नको, कारण ती वाट बाहेरून वायर जोडून चुकवता येते. कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर यांच्यामधल्या बारीक वायरवर तो असावा. डॅशबोर्डला भोक पाडू देऊ नये; सीटखाली किंवा आधीपासून असलेल्या एखाद्या पट्टीमागे स्विच सहज लपतो.

टोचनाचा विचार बहुतेक मालक करत नाहीत, आणि खरी उणीव तिथेच राहते. आपली गाडी मागच्या चाकांवर चालणारी आहे. हँडब्रेक आणि गिअर ही दोन्ही मागच्या चाकांनाच धरतात. पुढची चाके मोकळीच राहतात आणि स्टिअरिंग लॉक नसल्यामुळे ती हवी तशी वळतातही. म्हणजे मागची बाजू उचलली की गाडी निमूटपणे निघाली. यासाठी चाकाला लावायचा लोखंडी क्लॅम्प पुढच्या चाकाला लावावा आणि शक्य असेल तर गाडी मागच्या बाजूने भिंतीला लगटून उभी करावी. बाजारात मिळणारे गिअर लॉक जमिनीवरच्या गिअरसाठी असतात, ते स्टिअरिंगजवळच्या आपल्या गिअरला लागू पडत नाहीत. स्टिअरिंगला आडवा दांडा लावायचा असेल तर खाली जाड कापड गुंडाळावे, कारण जुन्या स्टिअरिंगची कड एकदा तडकली की तशी दुसरी मिळणे कठीण आहे. हा दांडा करवतीने सुटतो हे खरे, पण तो बाहेरून दिसतो, आणि दिसणे हेच त्याचे काम आहे.

जीपीएस जरूर बसवावा, परंतु तो चोरी थांबवत नाही, चोरीनंतर माग दाखवतो. शिवाय उभ्या गाडीची बॅटरी तो हळूहळू पीत राहतो, आणि बॅटरी वाचवण्यासाठी आपण तिचा कट-ऑफ, म्हणजे पुरवठा तोडणारा स्विच, फिरवला की त्याचाही पुरवठा तुटतो. म्हणून स्वतःची बॅटरी असलेले यंत्र घ्यावे, ते धातूच्या बंद खोबणीत न लपवता प्लास्टिक किंवा रेक्झिनच्या मागे बसवावे आणि त्याच्या सिमचे रिचार्ज संपू देऊ नये.

गाडीवर आच्छादन घालत असाल तर ते खालून बांधावे आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी हलवावी. धूळ साचलेले कव्हर आणि बसलेला टायर पाहिला की गाडी बेवारस आहे, असे महापालिकेलाही वाटते आणि चोरालाही.

प्रश्न : माझ्याकडे १९७९ ची पद्मिनी आहे. तिचा दरवर्षी विमा भरतो. चोरी झाल्यास भरपाई मिळेल ना?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपली पॉलिसी आजच काढून पाहावी. जुन्या गाड्यांचे अनेक मालक केवळ तृतीय पक्षाचा विमा भरतात. तो कायद्याने सक्तीचा असतो, पण त्यात स्वतःच्या गाडीच्या चोरीची एक रुपयाचीही भरपाई नसते. चोरीसाठी सर्वसमावेशक पॉलिसी लागते. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची विमा किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायची असते, आणि जुन्या गाडीच्या बाबतीत ती फार कमी धरली जाण्याचा धोका असतो. गाडीचे सर्व बाजूंनी काढलेले फोटो, केलेल्या कामांची बिले आणि जाणकाराचे मूल्यांकन कंपनीपुढे ठेवून योग्य रकमेचा आग्रह धरावा. दाव्याच्या वेळी गाडीच्या सर्व चाव्या मागितल्या जातात. आपल्याकडे एकच मूळ चावी उरली असेल तर तसे पॉलिसी घेतानाच लेखी कळवून ठेवावे.

त्याचबरोबर इंजिन आणि चेसिसच्या क्रमांकांचे पेन्सिल-ठसे घेऊन ठेवावेत. क्रमांकावरचे ग्रीस पुसून त्यावर शिसे हलकेच घासावे आणि पारदर्शक चिकटपट्टी दाबून उचलावी. अंकांची वळणे तिच्यावर जशीच्या तशी उमटतात. क्रमांक खोडून नवा ठोकलेली गाडी सापडली, तर ती आपलीच आहे हे सिद्ध करायला हे ठसे आणि दरवाजाच्या आतल्या जोडांचे, जुन्या डागांचे जवळून घेतलेले फोटो फार कामाला येतात. गाडीच्या नोंदणी-पुस्तिकेची (आरसी) मूळ प्रत मात्र गाडीत ठेवू नये.

दुर्दैवाने चोरी झालीच, तर त्याच दिवशी एफआयआर नोंदवावा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. एफआयआर वेळेवर झाला असेल तर कंपनीला कळवण्यातल्या विलंबाच्या एकाच कारणावरून खरा दावा नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले आहे. तरीही विलंब टाळणेच शहाणपणाचे. तपासात गाडी सापडली नाही, तर आपल्या राज्यात पोलीस ‘ए समरी’, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही असा, अहवाल न्यायालयाला पाठवतात, आणि विमा कंपनी साधारणपणे तो मागते.

प्रश्न : गाडी विकण्यासाठी जाहिरात दिली आहे. अनोळखी लोक चालवून पाहायला मागतात. काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : जाहिरातीतल्या फोटोत नंबर प्लेट, घराचे फाटक आणि पार्किंगची जागा दिसू देऊ नये. पाहायला येणाऱ्याचे ओळखपत्र आणि वाहन परवाना आधी पाहून त्याची नोंद ठेवावी. गाडी घराजवळ न दाखवता वर्दळीच्या ठिकाणी दाखवावी, सोबत घरचे कोणीतरी असावे, आणि चालवायला देताना आपण स्वतः शेजारच्या सीटवर बसावे. छुपा स्विच कुठे आहे, हे व्यवहार पूर्ण होऊन पैसे खात्यात जमा होईपर्यंत कोणालाही सांगू नये.