लाओसमधले युद्ध नऊ वर्षे ‘गुप्त’ कसे राहिले?

तुमचा प्रश्न असा आहे की अमेरिकेने लाओसवर १९६४ ते १९७३ अशी नऊ वर्षे बॉम्बफेक केली, तरीही ती लपून कशी राहिली, आणि या प्रकरणात भारताचा काही संबंध होता का. दुसऱ्या भागाचे उत्तर ‘होता’ असे आहे, पण त्याकडे शेवटी येतो, कारण पहिला भाग समजल्याशिवाय भारताची अडचण कळत नाही.

हे युद्ध शत्रूपासून कधीच लपलेले नव्हते. हानोई (उत्तर व्हिएतनामची राजधानी), मॉस्को आणि पेकिंग (आजचे बीजिंग) यांना लाओसमध्ये काय चालले आहे याची पुरेशी कल्पना होती, आणि ज्यांच्या घरांवर बॉम्ब पडत होते त्यांना तर ते कोणी सांगण्याची गरजच नव्हती. अंधारात होती ती अमेरिकी जनता आणि तिथल्या संसदेचे बहुतेक सदस्य. ही लपवाछपवी एकट्या अमेरिकेची होती असे मात्र मला वाटत नाही. तिचे मूळ २३ जुलै १९६२ रोजी जिनिव्हात झालेल्या करारात आहे.

त्याआधीची स्थिती थोडक्यात सांगतो. ऑगस्ट १९६०मध्ये काँग ले नावाच्या तरुण कॅप्टनने राजधानी व्हिएनतियानमध्ये बंड करून देश तटस्थ राहावा अशी मागणी केली. त्याच्याविरुद्ध उजव्या गटाचे जनरल फूमी नोसावान यांना अमेरिका आणि थायलंड यांनी बळ दिले, तर त्या वर्षाच्या डिसेंबरात सोव्हिएत विमाने काँग लेच्या सैन्याला रसद पोहोचवू लागली. महायुद्धाची ठिणगी इथेच पडते की काय अशी भीती निर्माण झाली, आणि त्या भीतीतून १४ देशांनी लाओसच्या तटस्थतेवर सह्या केल्या. परकीय सैन्याने ७ ऑक्टोबर १९६२पर्यंत देश सोडायचा होता. अमेरिकेचे ६६६ लष्करी सल्लागार तपासणी नाक्यांवर मोजून बाहेर गेले. उत्तर व्हिएतनामचे मात्र हजारो सैनिक देशात असताना नाक्यावर नोंद झाली ती अवघ्या ४० जणांची. उरलेले तिथेच राहिले, कारण दक्षिण व्हिएतनामात माणसे आणि शस्त्रे पाठवणारा हो ची मिन्ह मार्ग लाओसच्या जंगलांतून जात होता आणि तो सोडणे हानोईला परवडणारे नव्हते.

अशा वेळी अमेरिकेने करार जाहीरपणे फाडला असता, तर पंतप्रधान सुवन्ना फूमा यांचे तटस्थ सरकार कोसळले असते आणि रशियालाही उघडपणे उतरावे लागले असते. म्हणून करार कागदावर जपायचा आणि लढाई त्याच्या आडून लढायची, असा मार्ग निवडला गेला. आपले सैन्य लाओसमध्ये आहे हे हानोईने कधी कबूल केले नाही. हानोईच्याच पाठबळावर उभ्या असलेल्या पथेत लाओ या साम्यवादी बंडखोर गटाचे नेते राजपुत्र सुफानुवोंग हे सुवन्ना फूमांचे सावत्र भाऊ. सुवन्ना फूमांनी स्वतः अमेरिकी हवाई हल्ल्यांना संमती दिली, पण त्यांची वाच्यता होऊ नये ही त्यांचीही अट होती. थायलंडचे सैनिक लाओ गणवेशात लढत होते. चीन उत्तरेत रस्ते बांधत होता आणि त्यांच्या रक्षणासाठी विमानवेधी तोफा ठेवत होता. थोडक्यात, ‘तेरी भी चूप, मेरी भी चूप’.

जमिनीवर लढायला माणसे हवी होती, ती डोंगराळ भागातील ह्मोंग समाजातून मिळाली. अमेरिकी गुप्तचर संस्था सीआयएचे बिल लेअर यांनी १९६१च्या सुरुवातीला लाओ सैन्यातील ह्मोंग अधिकारी वांग पाओ यांच्याशी बोलणी केली आणि थायलंडच्या विशेष पोलिसांकरवी प्रशिक्षण सुरू झाले. ह्मोंग लोक अमेरिकेच्या प्रेमापोटी लढले, हे सोयीचे कथन मला पटत नाही. डोंगरातील आपली गावे व्हिएतनामींच्या हाती जाऊ नयेत हा त्यांचा हेतू होता. शिवाय त्यांच्यातही कुळांचे जुने वैर होते. फायदांग लोब्लियायाओ यांच्या नेतृत्वाखालील ह्मोंग पथेत लाओच्या बाजूने लढत होते.

लाँग टिएंगच्या खोऱ्यात वांग पाओंचा तळ उभा राहिला. तो वाढत वाढत लाओसमधल्या सर्वांत मोठ्या वस्त्यांपैकी एक झाला, पण नकाशावर तो दाखवलेला नव्हता. शेती सोडून लढणाऱ्या गावांना तांदूळ विमानातून टाकला जाई, आणि त्यासाठी पोते दुहेरी किंवा तिहेरी वापरत, म्हणजे जमिनीवर आपटून आतले फाटले तरी बाहेरच्यात दाणे राहत. तांदूळ शेतात पिकतो हेच तिथल्या लहान मुलांना माहीत नव्हते, असे सांगितले जाते. ही विमाने ‘एअर अमेरिका’ची होती, जी वरकरणी खासगी कंपनी आणि प्रत्यक्षात सीआयएची मालमत्ता होती. मदतसंस्था यूएसएडच्या व्हिएनतियान कार्यालयातील एका विभागात निवृत्त लष्करी अधिकारी बसत आणि लाओ सैन्याचा शस्त्रपुरवठा पाहत. हवाई हल्ल्यांची परवानगी अमेरिकी राजदूताकडून घ्यावी लागे. विल्यम सलिव्हन १९६४ ते १९६९ या काळात राजदूत होते आणि एखाद्या सेनापतीइतके अधिकार ते वापरत होते. लक्ष्य दाखवणारे वैमानिक साध्या कपड्यांत उडत. फू फा थी या कड्यावर हानोईकडे रोखलेले रडार होते आणि तेथील तंत्रज्ञ हवाई दलाचे असूनही कागदोपत्री खासगी कंपनीचे नोकर होते. मार्च १९६८मध्ये उत्तर व्हिएतनामी सैनिकांनी तो कडा चढून तळ जिंकला, आणि त्यात मारल्या गेलेल्या अमेरिकनांबद्दल त्यांच्या कुटुंबांना कित्येक वर्षे खरे सांगता आले नाही.

नोव्हेंबर १९६८मध्ये उत्तर व्हिएतनामवरची बॉम्बफेक थांबली आणि मोकळी झालेली विमाने लाओसकडे वळवण्यात आली. विमाने नुसती उभी तर ठेवता येत नव्हती, अशा अर्थाचे स्पष्टीकरण पुढे सिनेटच्या समितीसमोर देण्यात आले. रांजणांचे पठार म्हणून ओळखला जाणारा सुपीक प्रदेश याच काळात ओसाड झाला, लोक गुहांत राहू लागले आणि शेती रात्री करू लागले. नऊ वर्षांत सुमारे ५,८०,००० उड्डाणे झाली आणि २० लाख टनांहून अधिक बॉम्ब पडले. त्यांत क्लस्टर बॉम्बमधून विखुरणारे सुमारे २७ कोटी छोटे गोळे होते. टेनिसच्या चेंडूएवढ्या या गोळ्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत असा अंदाज आहे. लाओसचे लोक त्यांना ‘बॉम्बी’ म्हणतात, आणि युद्ध संपल्यानंतर अशा न फुटलेल्या स्फोटकांनी २०,०००हून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. २०१६मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी सफाईसाठी तीन वर्षांत ९ कोटी डॉलर जाहीर केले.

गुपित फुटले ते टप्प्याटप्प्याने. ऑक्टोबर १९६९मध्ये सिनेटर सायमिंग्टन यांच्या उपसमितीने बंद दाराआड साक्षी घेतल्या, फेब्रुवारी १९७०मध्ये काही पत्रकार पायी लाँग टिएंगला जाऊन पोहोचले आणि ६ मार्चला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी जाहीर निवेदन केले. लाओसमध्ये तैनात एकही अमेरिकी जमिनीवरील लढाईत मेला नाही, हे त्यातले विधान काही दिवसांतच खोटे ठरले. १४ मे १९७५ रोजी वांग पाओ विमानाने थायलंडला गेले. त्यांच्यामागे हजारो ह्मोंगांनी मेकाँग ओलांडली, आणि आज अमेरिकेच्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन व कॅलिफोर्निया राज्यांत दिसणारी ह्मोंग वस्ती ही त्यातूनच आली.

आता भारताबद्दल. लाओसमधील आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते, कॅनडा आणि पोलंड हे सदस्य होते आणि १९६२च्या करारावर भारताचीही सही होती. म्हणजे कराराचा भंग होतो का, हे पाहण्याचे काम आपल्या अधिकाऱ्यांकडे होते. पण तपासासाठी लाओ सरकारची संमती लागे, पथेत लाओच्या ताब्यातील भागात प्रवेश मिळत नसे आणि पोलिश व कॅनेडियन सदस्य आपापल्या गटाकडे पाहून मत देत. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी व्हिएनतियानहून हानोईला निघालेले आयोगाचे विमान १३ जणांसह बेपत्ता झाले, त्यांत भारतीयही होते. भारताने या युद्धात शस्त्र उचलले नाही. मात्र आयोग तिथे आहे, एवढ्यावरच करार जिवंत असल्याचे सर्वांना सांगता येत होते, आणि त्या अर्थाने, आपली इच्छा नसली तरी, या देखाव्यात आपणही एक खुर्ची अडवून बसलो होतो असे माझे मत आहे.