मुंबईहून निघालेली क्रूझ मुरगाव बंदरात दिवसभर थांबते. तेवढ्या वेळात जुने गोवे आणि फोंड्याची देवळं नीट बघून होतात का? जहाजाची टूर घ्यावी की स्वतः गाडी ठरवावी?

तुम्ही लिहिलंय की जहाज सकाळी 8 ला लागतं, संध्याकाळी 6 ला सुटतं आणि तुम्ही चौघं आहात, त्यात सत्तरीच्या पुढचे आई-बाबा आहेत. होतं बघून, पण दोन चर्च आणि तीन देवळं, एवढंच. टूरच्या पत्रकात सात-आठ ठिकाणांची नावं असतात. त्यातली निम्मी 'गाडीतून डावीकडे बघा' या प्रकारातली असतात.

आधी वेळेचा हिशेब. 8 ते 6 म्हणजे दहा तास हातात आहेत, असं धरू नका. जहाज धक्क्याला लागल्यावर उतरण्याची परवानगी यायला वेळ जातो. मग डेकनुसार किंवा टूरनुसार गट सोडतात आणि लिफ्टसमोर गर्दी होते. मुरगाव हे कोळसा आणि खनिजाची चढउतार करणारं चालू मालवाहू बंदर आहे. आत मोकळं भटकता येत नाही, सांगतील त्या वाटेने आणि लागेल तर बसने गेटपर्यंत यायचं. त्यामुळे गेटबाहेर गाडीत बसेपर्यंत सव्वानऊ धरा. परत चढण्याची शेवटची वेळ जहाज सुटण्याच्या तासभर तरी आधीची असते, ती रोजच्या पत्रकात छापलेली असते. म्हणजे पावणेपाचला गेटवर हजर. उरतात साडेसात तास, त्यातले साधारण तीन-साडेतीन गाडीतच जातात.

आता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फेरीची दिशा. बहुतेक बस सकाळी थेट जुन्या गोव्याला जातात, तिथून मंगेशी, आणि दुपारी फोंड्याहून परत. हे उलटं करा. आधी देवळं, मग चर्च. याला तीन कारणं आहेत. दुपारी नैवेद्य-आरतीच्या सुमाराला गाभारा काही वेळ बंद असतो, चर्च मात्र दुपारी उघडीच असतात. दुसरं, देवळांच्या अंगणात अनवाणी चालायचं असतं. मार्च-एप्रिलमध्ये दीड वाजता दीपस्तंभाजवळच्या फरशीवर पाय ठेवून बघा, म्हातारी माणसं अक्षरशः टाचांवर पळतात. सकाळी अकराला तीच फरशी सोसते. जाडे मोजे बरोबर असू द्या, अंगणात चालतात. तिसरं कारण परतीच्या रस्त्याचं. जुन्या गोव्याहून बांबोळी, आगशी करत झुआरीवरच्या नव्या आठपदरी पुलाने परत येणं बऱ्यापैकी भरवशाचं आहे. बोरीचा पूल जुना आणि अरुंद. संध्याकाळी त्यावर एक ट्रक अडला की तुमच्या पोटात गोळा. तो पूल सकाळी, हातात वेळ असताना ओलांडा.

फेरी अशी: मुरगाव, वास्को, दाबोळी, वेर्णा, लोटली, बोरी पूल, फोंडा, कवळे (शांतादुर्गा). मग फर्मागुडीवरून म्हार्दोळ (म्हाळसा), मंगेशी (मंगेश), आणि कुंडई-बाणस्तारीमार्गे जुने गोवे. तिथून झुआरी पूल आणि बंदर. एकूण नव्वद-शंभर किलोमीटर होतात.

या रस्त्याची एक गंमत कुठल्याच पत्रकात नसते. फोंड्याची मोठी देवळं मुळात फोंड्याची नाहीतच. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात गोव्यातल्या साष्टी भागातली देवळं पाडायला घेतली, तेव्हा लोकांनी देव उचलून नदीपलीकडे, पोर्तुगीज सत्तेबाहेरच्या अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा भागात नेले. मंगेश कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा केळशीची, म्हाळसा वेर्ण्याची, रामनाथ लोटलीचा. यातली कुठ्ठाळी आणि केळशी ही गावं तुमचं जहाज लागतं त्याच मुरगाव तालुक्यात आहेत, आणि वेर्णा-लोटली तर वाटेतच लागतात. फोंडा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला तो 1763 मध्ये, तोवर देव तिकडे स्थिरावले होते. म्हणून सकाळी देवळांकडे जाताना तुम्ही साधारण देवांच्याच वाटेने जाता. गाइड चांगला असेल तर हे वेर्ण्यातच सांगायला सुरुवात करतो. नसेल तर बोरीपर्यंत काजूच्या दुकानाची माहिती देतो.

कवळ्याला साडेदहाच्या आसपास पोचाल. चाळीस मिनिटं ठेवा. आजचं देऊळ 1738 च्या सुमारास पूर्ण झालं. छत्रपती शाहूंच्या दरबारातले मंत्री नारोराम हे मूळचे वेंगुर्ल्याजवळच्या कोचऱ्याचे, त्यांच्या पुढाकाराने ते उभं राहिलं. घुमट, कौलारू उतरतं छप्पर, आत झुंबरं, समोर तळी आणि दीपस्तंभ. महाराष्ट्रातलं देऊळ डोळ्यापुढे ठेवून आलेला माणूस इथे थोडा गोंधळतो. शिव आणि विष्णू यांचं भांडण मिटवणारी ती शांतादुर्गा, एवढी कथा आई-बाबांना आधी सांगून ठेवा, म्हणजे मूर्ती बघताना अर्थ लागतो.

तिथून म्हार्दोळ आणि मंगेशी. दोन्हींत अंतर जेमतेम एक-दीड किलोमीटर. रस्त्यात म्हार्दोळ आधी लागतं. पण उशीर झाला असेल तर सरळ पुढे जाऊन आधी मंगेशी करा आणि मग मागे या, कारण गर्दी आणि रांग मंगेशीला जास्त. सोमवारी तर हमखास, त्या दिवशी संध्याकाळी पालखी असते. मुख्य रस्त्यावर गाडी लावून दुकानांमधून देवळापर्यंत चालावं लागतं, मग पायऱ्या. आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर शक्य तितकं जवळ उतरवायला चालकाला आधीच सांगा. सातमजली दीपस्तंभ इथला प्रसिद्ध. पेशव्यांच्या काळात, 1739 मध्ये, मंगेशी गाव देवस्थानाला इनाम मिळालं. मंगेशकर हे आडनाव याच गावावरून आलं, हे सांगायला नकोच.

म्हार्दोळला बरेच मराठी लोक 'खंडोबाची म्हाळसा' म्हणून हात जोडतात. इथली म्हाळसा नारायणी आहे, विष्णूचं मोहिनी रूप. जेजुरीशी घोळ घालू नका. आणि गाइडची परीक्षा घ्यायची असेल तर हाच प्रश्न विचारा. अंगणातली उंच पितळी समई वर मान करून बघण्यासारखी आहे. बाहेर अबोली आणि जायांचे वळेसर विकायला असतात, ते केसांत माळूनच जहाजावर चढा.

कपड्यांबद्दल देवळं आणि चर्च दोन्ही काटेकोर आहेत. गुडघ्यावरची पँट, बिनबाह्यांचं काही नको. मंगेशीला तसे फलकच लावलेले आहेत. क्रूझवरून थेट बर्म्युडा घालून उतरणारे बापे दारातच अडकतात आणि सगळा गट त्यांच्यासाठी खोळंबतो. गाभाऱ्याकडे फोटो काढायचा नाही. तुमच्यासोबत कुणी परदेशी नातलग, सून-जावई असतील तर आधी देवस्थानात चौकशी करा. काही ठिकाणी परदेशी पर्यटकांना आत सोडत नाहीत.

यातलं एखादं तुमचं कुलदैवत असेल तर अभिषेक या दिवसात बसवू नका. तो सकाळी लवकर असतो, तेव्हा तुम्ही लिफ्टच्या रांगेत असाल. ओटी मात्र भरता येते. पण परत मिळालेला नारळ, फळं, सुटा प्रसाद गाडीतच संपवा. बाहेरचं खाणं जहाजावर सहसा नेऊ देत नाहीत, स्कॅनरवर नारळ काढून ठेवायला लावतात, आणि आईला ते फार लागतं. बंद पाकिटातले काजू बहुतेक जातात. फेणीची बाटली दारातच जमा करून घेतात आणि मुंबईला उतरताना परत देतात.

जेवण एकच्या सुमारास मंगेशी-फर्मागुडी पट्ट्यात उरका. साधं शाकाहारी मिळतं, बन्स आणि पातळभाजीही. अर्ध्या तासात उठा. टूरमध्ये 'मसाल्याची बाग आणि जेवण' असेल तर ते काढून टाकायला सांगा. त्यात दीड-दोन तास जातात आणि तेवढ्यात एक देऊळ किंवा एक चर्च बुडतं. बाग वाईट नसते, पण तो वेगळ्या दिवसाचा कार्यक्रम आहे.

जुन्या गोव्यात दोनच्या सुमारास पोचाल. दीड तास पुरतो. बॉम जेझस बॅसिलिका आणि से कॅथेड्रल रस्त्याच्या दोन बाजूंना आहेत. बॅसिलिका 1594 ते 1605 या काळात बांधली. आज ती लाल जांभ्या दगडाची दिसते, कारण विसाव्या शतकाच्या मध्यात बाहेरचा गिलावा काढून टाकला. मूळचं रूप हे नव्हे, आणि उघडा जांभा गोव्याच्या पावसात झिजतो. आत संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष चांदीच्या पेटीत आहेत, ती गोव्याच्याच सोनारांनी घडवलेली. खालचं संगमरवरी काम इटलीतून आलं, टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवलं, 1698 मध्ये बसवलं. पेटी बरीच उंचावर आहे, खालून फार काही दिसत नाही. जवळून दर्शन दहा वर्षांतून एकदा, मागचं नोव्हेंबर 2024 ते जानेवारी 2025 असं झालं. हे ठाऊक नसलेले लोक 'काहीच दिसलं नाही' म्हणत बाहेर येतात.

से कॅथेड्रल संत कॅथरीनच्या नावाने आहे, कारण पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने 25 नोव्हेंबर 1510 ला, तिच्या सणाच्या दिवशी, गोवा घेतला. एक मनोरा 1776 मध्ये पडला, तो पुन्हा बांधला नाही, म्हणून दर्शनी बाजू लंगडी दिसते. संत ऑगस्टीनचा पडका मनोरा टेकाडावर आहे, आई-बाबांना गाडीतूनच दाखवा. बाजूचं पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. रविवारी सकाळी प्रार्थना चालू असल्यामुळे पर्यटकांना बॅसिलिकेत उशिरा सोडतात, आपल्या उलट्या फेरीत तो प्रश्न येत नाही. तारीख मात्र बघा: 24 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर झेवियर यांची नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) आणि फेस्त, म्हणजे सण, असतं, तेव्हा या भागात गाडी हलत नाही. त्या आठवड्यात फक्त देवळं करा.

आता टूर की गाडी. जहाजाच्या टूरचा खरा फायदा एकच: बस अडकली तर जहाज थांबतं. बाकी चाळीस माणसं, प्रत्येक थांब्यावर शेवटच्या माणसाची वाट, आणि दिशा तुमच्या हातात नाही. वर्षभरात एकदाच फिरायला बाहेर पडणारे, जीव टांगणीला लागणारे लोक असतील तर टूरच घ्या. तुमच्या बाबतीत, चार माणसं आणि त्यात दोन ज्येष्ठ, मी गाडी ठरवेन. स्वच्छतागृहाला थांबायचं असो की एखादं देऊळ गाळायचं असो, निर्णय तुमचा राहतो.

गाडी आधी ठरवा, गेटवर उतरून नको. सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: ठिकाणांची नावं क्रमाने, किती तास, किती किलोमीटर, पार्किंग कुणाचं, वाटेत दुकानाचा थांबा नाही, गेटवर परत किती वाजता. नंबरप्लेट पिवळी असलेली टॅक्सीच घ्या. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने पाठवली आणि तपासणीत अडकली तर तुमचा तास गेला. बंदराच्या तोंडाशी स्थानिक स्टँडवाले ॲपच्या किंवा बाहेरच्या गाड्यांना हरकत घेतात. भाड्यावरून वाद घालत बसण्यापेक्षा स्टँडच्या गाडीने वास्को शहरात या, तीन-चार किलोमीटर आहे, आणि तुमची गाडी तिथे बोलवा.

चालक म्हणजे गाइड नव्हे. माहिती हवी असेल तर पर्यटन खात्याचं ओळखपत्र असलेला गाइड वेगळा घ्या आणि मराठीत सांगाल का ते विचारा. बहुतेकांना येतं, गोव्याच्या देवळांत आरत्याही मराठीतच होतात.

दुपारी साडेतीनला जुनं गोवं सोडायचंच, मग कोण कुठेही रमलेलं असो. उतरताना क्रूझ कार्ड, मूळ ओळखपत्र, आई-बाबांची रात्रीपर्यंतची औषधं आणि थोडी रोख रक्कम जवळ ठेवा, केबिनमध्ये नको. रोजच्या पत्रकावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो, त्याचा फोटो काढा. वाटेत अडकलात तर जहाजाला नाही, आधी त्याला फोन करा. जहाज गेलंच तर हा देशातलाच प्रवास आहे, व्हिसाची भानगड नाही. मडगावहून मुंबईची रेल्वे किंवा फोंडा-पणजीहून रात्रीची बस मिळते, आणि सामान मुंबईच्या टर्मिनलवर ताब्यात घेता येतं, फक्त ते तसं कळवून ठेवायचं काम त्याच एजंटकडून करून घ्या.