"तुझसे नहीं होगा" ऐकल्यावर

"ताई, हिला नर्सिंग सोडायचंय. दोन वर्षं झाली हो, आणि आता म्हणते मला जमतच नाही." इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आईने खुर्चीवर बसायच्या आधीच हे सांगून टाकलं. मुलगी बी.एस्सी. नर्सिंगच्या चौथ्या सेमेस्टरला. गप्प. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

इंदूरमध्ये नर्सिंग शिकणाऱ्या मुलींकडून हा प्रश्न मी वारंवार ऐकते: शिकवणाऱ्या मॅडम वॉर्डात सगळ्यांसमोर बोलतात, मग हात थरथरतात, मी या कामाची नाहीच का?

आई बाहेर गेल्यावर ती बोलली. सर्जिकल वॉर्डात ड्रेसिंग करताना तिचा निर्जंतुक ग्लोव्ह पलंगाच्या कठड्याला लागला. तिच्या ते लक्षातच आलं नाही, ती तशीच जखमेकडे वळली. मॅडम ओरडल्या. पेशंट, त्याची बायको, शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक, सगळे बघत होते. शेवटचं वाक्य होतं, "तुझसे नहीं होगा, घर बैठो." दुसऱ्या दिवशी तिला साधं बी.पी. घेताना दंडावरचा पट्टा, म्हणजे कफ, नीट बांधता येईना.

मी तिला मॅडमचं बोलणं जसंच्या तसं वहीत लिहायला सांगितलं. सात वाक्यं निघाली. "यातली कुठली तुझ्या हातांबद्दल आहेत, आणि कुठली तुझ्याबद्दल?" तिने बराच वेळ घेतला. हातांबद्दलची दोनच होती: ग्लोव्ह कठड्याला लागला, आणि ट्रॉली चुकीच्या बाजूला लावल्यामुळे तिला पलंगावरून वाकावं लागत होतं. म्हणजे ग्लोव्ह का लागला, याचं कारणही मॅडमनी सांगितलं होतं. उरलेल्या पाच वाक्यांखाली ते दबून गेलं होतं.

घरी सगळे तिला "दुर्लक्ष कर गं" म्हणत होते. हा सल्ला प्रेमाचा असला तरी मला पटत नाही. दुर्लक्ष केलं तर ट्रॉलीचं वाक्यही जातं, आणि जखमेत जंतू गेले तर भोगतो पेशंट. मॅडमनी तिला तिथल्या तिथे थांबवलं ते योग्यच होतं. थांबवणं खाटेपाशीच हवं. समजावणं पाच मिनिटांनी, नर्सिंग स्टेशनच्या आडोशाला, हलक्या आवाजात होऊ शकतं. "घर बैठो" मात्र कुठेच बसत नाही, आणि असं बोलणं रोजचंच झालं तर मुलीने ते वर्ग समन्वयक किंवा प्राचार्यांपर्यंत न्यावं, असं मी पालकांनाही सांगते.

तिचा कफ दुसऱ्या दिवशी का बांधला गेला नाही, हेही तिला कळायला हवं होतं. 1996 साली क्लूगर आणि डीनिसी या मानसशास्त्रज्ञांनी अभिप्रायावरचे आधीचे प्रयोग एकत्र करून तपासले. सरासरी फायदाच दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्राय मिळाल्यावर काम आधीपेक्षा बिघडलं होतं. लक्ष कामावरून उडून "मी कशी आहे" याकडे गेलं की असं होतं, अशी त्यांची मांडणी. हे ऐकून ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे मी ढ नाही?"

मग आम्ही एक प्रश्न तयार केला. तो चारदा मोठ्याने म्हणून घेतला, कारण मॅडमसमोर तिचा आवाजच फुटत नसे: "मॅम, अगली ड्रेसिंग में मैं कौन-सी एक चीज़ सुधारूँ?" राउंड संपल्यावर, मॅडम एकट्या असताना विचारायचा. उत्तर त्याच दिवशी वहीत लिहायचं.

पहिल्यांदा मॅडम "बाद में" म्हणून निघून गेल्या. ती रडत घरी आली, आईने मला फोन केला. तीन दिवसांनी तिने पुन्हा विचारलं. या वेळी मॅडमनी ट्रॉली स्वतः फिरवून दाखवली आणि जखम आतून बाहेर पुसायची, प्रत्येक वेळी नवा स्वॅब (पुसायचा बोळा) घ्यायचा, हे तिच्याकडून करून घेतलं. एका वेळी दहा मुली सांभाळणाऱ्या बाईंनाही कुणी नेमकं विचारलं तर सांगणं सोपं जातं, असं मला वाटतं. पण विचारायची जबाबदारी एकट्या शिकणाऱ्या मुलीवर पडू नये. मॅडमनीही आधी "तुला काय वाटतं, कुठे अडलं?" एवढं विचारलं, तर अर्धी भीती तिथेच जाते.

मॅडमचा आवाज अजून चढतो. सहाव्या आठवड्यात ती वही घेऊन आली. शेवटच्या पानावर मॅडमच्या अक्षरात एक ओळ होती: "ट्रॉली सही. एक बार स्वॅब बाहर से अंदर गया. गुरुवार को फिर देखूँगी."

गुरुवारी तिची ड्युटी सकाळची होती, म्हणून ती लवकर निघाली.