वेष्टनाच्या पाठीवरची नावे : जॅझविषयी वाचकांचे प्रश्न

आपल्या आवडत्या जॅझ अल्बमांविषयी आणि वादकांविषयी लिहावे, असे आवाहन मागील अंकात या सदरातून केले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख मोजक्याच अल्बमांकडे आहे. म्हणून सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे थोड्या विस्ताराने देत आहे.

प्रश्न : मी लहानपणापासून शास्त्रीय संगीत ऐकत आलो आहे. जॅझप्रेमी मित्रांच्या आग्रहाखातर ‘काइंड ऑफ ब्लू’ ऐकला. कानाला गोड वाटला, परंतु त्यात घडते काय, हे उमगले नाही. मित्र एवढे भारावून जातात ते कशाने? (सांगली)

उत्तर : माइल्स डेव्हिसचा हा 1959 सालचा अल्बम मित्रांनी तुमच्या हाती दिला, पण तो ऐकायचा कसा हे सांगायचे राहून गेले, असे दिसते. शास्त्रीय संगीताचा सराव असलेल्या कानाला ही वाट इतरांपेक्षा सोपी आहे. पहिलीच रचना, ‘सो व्हॉट’, घ्या. पियानो आणि बेस यांची संथ प्रस्तावना संपली की पॉल चेंबर्स बेसवर, म्हणजे खर्जाच्या मोठ्या तंतुवाद्यावर, मुखडा धरतो आणि बाकीचे वादक त्याच्या प्रत्येक ओळीला दोनच ठोक्यांचे उत्तर देतात. येथून पुढचे सारे वादन 32 बारांच्या आवर्तनावर चालते आणि प्रत्येक बार चार मात्रांचा असतो. पहिले 16 बार पांढरी दोनला षड्ज मानून काफी थाटाचे स्वर, म्हणजे गंधार-निषाद कोमल. पुढचे 8 बार हेच स्वर काळी दोनवरून. आणि शेवटचे 8 बार पुन्हा पांढरी दोनवर. रचनेचा सांगाडा एवढाच आहे. आपल्याकडे तानपुरा एकदा जुळला की षड्ज जागचा हलत नाही. इथे तो अर्ध्या स्वराने वर सरकतो आणि ठरल्या जागी परत येतो. हे सरकणे कानाला कळू लागले की आवर्तन हातावर मोजता येते, आणि त्या वळणावर आलेला वादक आता काय करील, याची ओढ लागते.

डेव्हिसचे ट्रम्पेट सुरू होते त्याच क्षणी जिमी कॉबच्या झांजेवर एक आघात पडतो आणि त्याचा नाद बराच वेळ रेंगाळतो. तो एक क्षण पुन्हा पुन्हा ऐकावा, इतका सुंदर आहे. डेव्हिस दोन आवर्तने वाजवतो. मोजके स्वर, आणि मधली शांतताही वादनाचाच भाग. त्याच्यामागून येणारा सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन तेच स्वर घेतो, पण एकच वाक्य उलटसुलट करून त्याचा कस लागेपर्यंत त्याला सोडत नाही. मग कॅननबॉल ॲडरलीचा आल्टो सॅक्सोफोन येतो, मोकळा, ब्लूज या आफ्रिकी-अमेरिकी गीतप्रकारात मुरलेला. सामग्री सर्वांना सारखीच मिळाली आहे. त्यातून तीन निराळे स्वभाव उभे राहतात. तुमचे मित्र भारावतात ते यामुळे.

अल्बमच्या वेष्टनावरील टिपणात पियानोवादक बिल एव्हान्स याने लिहिले आहे की, रचनांचे आराखडे डेव्हिसने ध्वनिमुद्रणाच्या काही तास आधीच सिद्ध केले होते. ‘फ्लेमेंको स्केचेस’मध्ये तर ठरलेली चालच नाही. एकापाठोपाठ एक अशा पाच स्वरमाला तेवढ्या ठरल्या आहेत, आणि कोणत्या स्वरमालेवर किती वेळ राहायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. आलाप ऐकणाऱ्या माणसाने खरे तर याच रचनेपासून सुरुवात करावी.

पुढे काय ऐकावे, असेही तुम्ही विचारले आहे. शंभर श्रेष्ठ अल्बमांच्या याद्या बाजूला ठेवा आणि वेष्टनाच्या पाठीवरची नावे वाचा. जॅझमध्ये वाट दाखवतात ती हीच नावे. उदाहरणार्थ, एकट्या पॉल चेंबर्सचा बेस धरून निघालात तर 1956 सालचा सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्सचा ‘टेनर मॅडनेस’ भेटतो, 1957 सालचा कोल्ट्रेनचा ‘ब्लू ट्रेन’ भेटतो, आणि मे 1959 मध्ये ध्वनिमुद्रित झालेली ‘जायंट स्टेप्स’ ही कोल्ट्रेनचीच रचनाही भेटते. ‘सो व्हॉट’मध्ये जी स्वरांची चौकट आठ-आठ, सोळा-सोळा बार स्थिर राहते, ती ‘जायंट स्टेप्स’मध्ये बहुतांशी दर दोन मात्रांना बदलते. दोन टोकांच्या या दोन प्रयोगांना अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने आधार दिला तो एकाच माणसाने. चेंबर्स 1969 मध्ये वारला तेव्हा त्याचे वय 33 होते. त्याचे नाव ठळक अक्षरांत क्वचितच छापले गेले, याची मला मनापासून खंत वाटते.

प्रश्न : वडिलांच्या संग्रहात ‘काइंड ऑफ ब्लू’ची जुनी तबकडी आहे. पहिल्या बाजूबरोबर पेटी वाजवली तर सूर जुळत नाही. दुसऱ्या बाजूशी मात्र नीट जुळतो. दोष आमच्या रेकॉर्ड प्लेअरचा असेल का? (वसई)

उत्तर : प्लेअर निर्दोष आहे आणि तुमचा कान उत्तम आहे. या अल्बमचे ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कच्या 30व्या रस्त्यावरील कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत दोन दिवशी झाले, 2 मार्च आणि 22 एप्रिल 1959 रोजी. पहिल्या दिवशी मुख्य टेप यंत्र किंचित मंद गतीने फिरत होते. मंद गतीने भरलेली टेप योग्य गतीने वाजवली की सूर चढतो. त्या दिवसाच्या तीन रचना पहिल्या बाजूवर आहेत, म्हणून ती बाजू जवळजवळ पाव स्वराने चढी लागते. दुसरी बाजू एप्रिलमधली असल्यामुळे सुरात आहे. दुसऱ्या यंत्रावर भरलेली राखीव टेप वापरून 1992 च्या आवृत्तीत हा दोष दूर करण्यात आला. सरावासाठी त्यानंतरची प्रत घ्या, पण वडिलांची तबकडीही जपून ठेवा. तीस वर्षांहून अधिक काळ जगाने हा अल्बम त्याच चढ्या सुरात ऐकला आणि त्याच सुरात तो लोकांना आवडला.

प्रश्न : आमच्या जॅझप्रेमींच्या गटात ‘काइंड ऑफ ब्लू’ श्रेष्ठ की ‘अ लव्ह सुप्रीम’, यावर वाद सतत सुरू असतो. तुमचे मत काय? (पुणे)

उत्तर : स्पष्टच सांगतो, दोहोंपैकी एकच जवळ ठेवायची वेळ आली तर मी कोल्ट्रेनचा ‘अ लव्ह सुप्रीम’ ठेवीन. ‘काइंड ऑफ ब्लू’ हे थोर वादकांचे एकत्र येणे आहे. एव्हान्सने तोपर्यंत डेव्हिसचा संच सोडलेलाही होता आणि या ध्वनिमुद्रणासाठी तो परत आला होता. ‘अ लव्ह सुप्रीम’ वाजवणारे चौघे, म्हणजे कोल्ट्रेन, मॅकॉय टायनर (पियानो), जिमी गॅरिसन (बेस) आणि एल्विन जोन्स (ड्रम्स), वर्षानुवर्षे एकत्र वाजवत होते. कोण कुठे श्वास घेईल, हे त्यांना एकमेकांकडे न पाहताही कळत असावे, असे ऐकताना वाटते. 9 डिसेंबर 1964 रोजी न्यू जर्सीतील एंगलवुड क्लिफ्स येथे रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत हे ध्वनिमुद्रण झाले.

पहिल्या भागाकडे बारकाईने लक्ष द्या. घंटेच्या नादाने आरंभ होतो, सॅक्सोफोनची छोटी ललकारी येते आणि मग बेसवर चार स्वरांची आकृती सुरू होते. सगळी इमारत याच चार स्वरांवर उभी आहे. भाग संपत येतो तेव्हा कोल्ट्रेन ही आकृती एकामागून एक अशी बाराही स्वरांवरून वाजवतो. तिला कुठेही थारा मिळतो, हे जणू त्याला दाखवायचे आहे. त्यानंतर मानवी आवाज येतो आणि अल्बमच्या नावातील शब्दांचा त्याच चार स्वरांत जप सुरू होतो. नामस्मरण ऐकत वाढलेल्या माणसाला ही जागा समजावून सांगावी लागत नाही. 1957 मध्ये आपल्याला आध्यात्मिक जाग आली आणि त्याबद्दलची कृतज्ञता म्हणून ही रचना ईश्वरचरणी अर्पण करीत आहोत, असे कोल्ट्रेनने वेष्टनावर लिहिले आहे. तो हे लिहितो त्यातले अक्षरही वादनात खोटे ठरत नाही.

चौथ्या भागाविषयी एक सूचना अवश्य करावीशी वाटते. वेष्टनावर कोल्ट्रेनची एक प्रार्थना छापलेली आहे. ती समोर ठेवून हा भाग ऐका. इथे बांधलेला ठेका नाही. सॅक्सोफोन त्या प्रार्थनेतील शब्द अक्षरागणिक उच्चारत जातो आणि ओळ संपते तिथे थांबतो. कविता हाती असताना आणि नसताना हा भाग दोन निराळ्या तऱ्हांनी ऐकू येतो. तुमच्या गटाने पुढच्या बैठकीत हा प्रयोग करावा.

सिएटलमध्ये ऑक्टोबर 1965 मध्ये झालेल्या याच रचनेच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण 2021 मध्ये प्रकाशित झाले. स्टुडिओत सुमारे 33 मिनिटांत संपणारी रचना तिथे तासाहून अधिक चालते. तिथला कोल्ट्रेन अधिक उग्र आहे, म्हणून मूळ अल्बम मुरल्याशिवाय तिकडे वळू नये.

प्रश्न : मला शुद्ध वाद्यसंगीत फार वेळ ऐकवत नाही. आवाजाच्या वाटेने जॅझकडे जाता येईल का? (नागपूर)

उत्तर : अवश्य. एला फिट्झजेराल्ड हिची बर्लिनमधील 13 फेब्रुवारी 1960 ची मैफल मिळवा. ‘मॅक द नाइफ’ गाताना मध्येच ती शब्द विसरते, आणि विसरल्याचेच शब्द करून, ट्रम्पेटवादक-गायक लुई आर्मस्ट्राँगच्या आवाजाची नक्कल करीत, लय जराही न सोडता गाणे शेवटाला नेते. उत्स्फूर्त रचना म्हणजे काय, हे या काही मिनिटांइतके क्वचितच कुठे लखलखीत दिसते. त्यानंतर बिली हॉलिडे हिची 1937 च्या सुमाराची ध्वनिमुद्रणे ऐका, आणि तिथे तिच्या आवाजाइतकेच लक्ष लेस्टर यंगच्या सॅक्सोफोनकडे द्या. ती ओळ संपवते आणि तो तिच्या सोडलेल्या जागेत अलगद येऊन बसतो. डिसेंबर 1957 मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर ‘फाइन अँड मेलो’ गाताना ती यंगच्या वादनाकडे पाहते, तो चेहरा चित्रफितीत टिकून आहे. दोघेही 1959 मध्ये, चार महिन्यांच्या अंतराने गेले. आवाजाचे बोट धरून वाद्यापर्यंत पोहोचायचे असेल तर या जोडीसारखी दुसरी वाट मला माहीत नाही.

प्रश्न : या संगीताशी मुंबई-गोव्याचा काही संबंध आहे, की आपण नुसते श्रोतेच? (मडगाव)

उत्तर : संबंध जुना आहे. 1930 च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड असे आफ्रिकी-अमेरिकी वादक आपापले संच घेऊन वाजवत. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी वाचायला शिकलेल्या वादकांनी हे संगीत चटकन आत्मसात केले. हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ, म्हणजेच ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, हे त्यांतले ठळक नाव. सी. रामचंद्र यांचे ते सहायक होते, आणि ‘अलबेला’ची गाणी ऐकताना हा वारसा मराठी घरांतही नकळत पोहोचला.

अमेरिकी पियानोवादक डेव्ह ब्रुबेक 1958 मध्ये मुंबईत आले असता सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासमवेत त्यांनी वादन केले. सॉनी रोलिन्स 1960 च्या दशकाच्या अखेरीस पवईच्या आश्रमात राहिले, आणि 1978 मध्ये मुंबईतील पहिल्या ‘जॅझ यात्रे’त वाजवायला पुन्हा आले.

माझी स्वतःची निवड विचाराल तर 1988 सालचा ‘उस्फ्रेट’. ठुमरी गायिका शोभा गुर्टू यांचे पुत्र त्रिलोक गुर्टू यांचा हा अल्बम. त्रिलोक जमिनीलगत बसून ड्रम्स आणि तबला एकाच मांडणीत वाजवतात आणि नाद वाकवण्यासाठी झांज पाण्याच्या बादलीत बुडवतात. याच अल्बमवर डॉन चेरीचे ट्रम्पेट आहे आणि शोभाताईंचा आवाजही. आईचा ठुमरीत घडलेला गळा आणि मुलाची लय समोरासमोर येतात तेव्हा कोणीही आपली भाषा सोडत नाही, आणि म्हणूनच ते टिकाऊ झाले आहे.

प्रश्न : बिल एव्हान्सचा पियानो फार आवडतो. ‘संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ घ्यावा की ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’? (ठाणे)

उत्तर : दोन्ही एकाच दिवसाचे आहेत. 25 जून 1961 रोजी न्यूयॉर्कच्या त्या तळघरातील क्लबमध्ये एव्हान्सच्या पियानो-बेस-ड्रम्स त्रयीने दुपारी आणि संध्याकाळी मिळून पाच सत्रे वाजवली, आणि पेल्यांचा किणकिणाट व गिऱ्हाइकांची कुजबुज यांसह ती टेपवर उतरली. ‘संडे’ आधी घ्या. बेसवादक स्कॉट लाफारो 6 जुलै रोजी, वयाच्या 25व्या वर्षी मोटार अपघातात गेला, आणि या अल्बमसाठी रचना निवडल्या गेल्या त्या त्याचा बेस पुढे यावा म्हणून. पहिली रचना ‘ग्लोरियाज स्टेप’ आणि शेवटची ‘जेड व्हिजन्स’ त्याच्याच आहेत. तो पियानोला नुसती साथ करीत नाही, त्याच्याशी बोलतो. एव्हान्सचे वाक्य संपायच्या आत त्याचे उत्तर सुरू झालेले असते. पहिल्या ऐकण्यात एव्हान्सला बाजूला ठेवून फक्त बेस ऐका. ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ त्यानंतर घेतलात तर तुमचा आवडता पियानोही तुम्हाला पूर्वीपेक्षा अधिक ऐकू येईल.